आधी कॅल्शियम, मग व्हिटॅमिन डी: ब्लड कॅन्सरच्या उपचारांत डीची गोळी कशी हाताळायची

दादाच्या मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींचा ब्लड कॅन्सर) उपचारांचा दुसरा महिना चालू होता. एका संध्याकाळी त्याची औषधांची पिशवी मी टेबलावर उलटी केली. हाडांसाठी म्हणून पूर्वी कधीतरी लिहून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. एक मल्टिव्हिटॅमिन. कुणीतरी भेटायला आलं तेव्हा 'इम्युनिटी वाढते' म्हणून ठेवून गेलेली कॅप्सूलची बाटली. आणि आठवड्यातून एकदा घ्यायचा व्हिटॅमिन डीचा मोठा डोस, जो तो पाच दिवस रोज घेत होता, कारण चिठ्ठीवरचं गिचमिड अक्षर त्याला 'रोज' असं लागलं होतं. चष्मा लावून चारही वेष्टनांमागची बारीक अक्षरं वाचली. चारही ठिकाणी डी.

"दादा, हे सगळं एकच आहे रे," मी म्हटलं.

"असू दे गं. व्हिटॅमिनच आहे ना? जास्त झालं तर जाईल लघवीतून."

नाही जात. लघवीतून जातात ती पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स. डी चरबीत विरघळतं, तिथेच साठतं आणि आठवडे-महिने मुक्काम ठोकून बसतं. मायलोमात आजारच हाडं पोखरून रक्तात कॅल्शियम ओतत असतो, त्यात हे आणखी कॅल्शियम आतड्यातून ओढून आणतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, कॅल्शियम हद्दीत निघालं, सुटलो. त्या संध्याकाळपासून मी एक वही घातली आणि हा लेख बराचसा त्या वहीतूनच उतरलाय. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाचं काम. त्यांच्यासमोर जाताना हातात काय असावं, काय विचारावं आणि घरी काय सांभाळावं, एवढ्यापुरतं हे आहे.

डी आणि प्रतिकारशक्ती: आत काय घडतं

हा भाग घाईत असाल तर सोडून दिलात तरी चालेल, पण 'इम्युनिटी वाढते' या वाक्यात किती तथ्य आहे ते इथे कळतं.

उन्हातल्या अतिनील-बी किरणांनी त्वचेत डी तयार होतं, किंवा गोळीतून नाही तर अन्नातून पोटात जातं. यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी डी होतं. हा साठ्याचा माल. मूत्रपिंडात त्यावर आणखी एक प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रिऑल बनतं, तो कामाचा माल. कॅल्सिट्रिऑल आतड्यातून कॅल्शियम शोषायला लावतं आणि हाडांचा हिशेब सांभाळतं.

गंमत अशी की हा कामाचा माल बनवायचा छोटा कारखाना मूत्रपिंडाबाहेरही आहे. मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. जंतूची चाहूल लागली की या पेशी साठ्यातलं डी घेऊन स्वतःपुरतं कॅल्सिट्रिऑल बनवतात, आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन तयार होतं. २००६ साली क्षयाच्या जंतूंवर झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात हे दिसलं: ज्या रक्तद्रवात साठ्याचं डी कमी होतं, त्यात ठेवलेल्या पेशींना कॅथेलिसिडिन धड बनवता येईना. त्याच रक्तद्रवात वरून डी घातलं, तसं ते बनू लागलं.

दुसरीकडे टी पेशींच्या (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) बाबतीत डीचं काम बरोबर उलट्या दिशेचं. दाह पेटवणाऱ्या पेशींना ते आवरतं आणि समजूत घालणाऱ्या नियामक पेशींना बळ देतं. म्हणून 'डीने प्रतिकारशक्ती वाढते' हे मला अर्धवट वाटतं. कमतरता असेल तर या यंत्रणेला कच्चा माल कमी पडतो, एवढं खरं. साठा पुरेसा असताना आणखी ओतल्याने फौज दुप्पट होत नाही. केमोने पांढऱ्या पेशी मुळातच तळाला गेल्या असतील तर कच्चा माल कितीही असो, कारखान्यात कामगारच नाहीत.

श्वसनमार्गाच्या संसर्गाबद्दलचे आकडे हेच सांगतात. २०१७ साली २५ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा थोडं संरक्षण दिसलं. फायदा मुख्यतः ज्यांची पातळी फारच खाली होती आणि जे रोज किंवा आठवड्याला डोस घेत होते त्यांना झाला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना नाही. पुढे चाचण्यांची संख्या वाढत गेली तसा हा फायदा आणखी पुसट झाला.

कॅन्सरवर डी चालतं का?

नातेवाइकांचा हा पहिला प्रश्न असतो, तेव्हा आधी तोच निकालात काढू.

आशेचं मूळ जुनं आहे. १९८१ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या ल्युकेमिया पेशींवर कॅल्सिट्रिऑल टाकलं, तर बेबंद वाढणाऱ्या त्या कच्च्या पेशी पिकून मॅक्रोफेजसारख्या झाल्या. केवढी मोठी गोष्ट! पण तेवढा परिणाम माणसात साधायला जेवढं कॅल्सिट्रिऑल लागेल तेवढ्याने आधी रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या वर जातं. गाडी तिथेच अडली.

मग निरीक्षणं आली. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, फॉलिक्युलर लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमा (हे तिन्ही लसिकाग्रंथींचे कॅन्सर), सीएलएल (संथ वाढणारा एक ल्युकेमिया) या सगळ्यांत निदानाच्या वेळी ज्यांचं डी कमी होतं त्यांची पुढची वाटचाल सरासरीने वाईट निघाली. २०१४ साली जर्मनीतून आलेलं काम आणखी रंजक होतं: कमतरता असलेल्या काही मोजक्या व्यक्तींना डी दिल्यावर त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी रितुक्सिमॅब या अँटिबॉडी-औषधाच्या मदतीने लिम्फोमाच्या पेशी जास्त चांगल्या मारू लागल्या.

इथे एक पेच आहे. जो माणूस जास्त आजारी असतो तो घराबाहेर कमी पडतो, कमी जेवतो, आणि अंगात दाह असला की रक्तातली डीची पातळी तशीही घसरते. म्हणजे डी कमी म्हणून आजार बळावला, की आजार बळावला म्हणून डी कमी झालं? हे सोडवायचं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना डी आणि निम्म्यांना औषध नसलेली साधी गोळी द्यावी लागते. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांवर हे झालं, रोज २००० युनिट, सुमारे पाच वर्षं. कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत पहिली दोन वर्षं वगळली तर घट दिसली, पण ती कॅन्सर नसलेल्या लोकांत सुरू झालेली चाचणी होती, ब्लड कॅन्सरच्या पेशंटवरची नव्हे. मंदगती लिम्फोमात रितुक्सिमॅबसोबत डी देऊन पाहिलं तेव्हाही आजार लांबवण्यात साध्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

तेव्हा केमो, लक्ष्यवेधी गोळ्या किंवा मूळपेशींचं ट्रान्सप्लांट यांच्या जागी डी कुणी सुचवत असेल तर तिथून उठावं. कमतरता मात्र भरून काढायचीच, आणि ती मुख्यतः हाडांसाठी. स्टेरॉइड हाडं विरळ करतात, मायलोमा ती पोखरतो, ट्रान्सप्लांटनंतर महिनोन् महिने उन्हात जाता येत नाही. सहायक उपचारात डीची खरी जागा ही.

पायरी पहिली: डीच्या आधी कॅल्शियम

डीचा रिपोर्ट कमी आला की हात लगेच गोळीकडे जातो. थांबा. आधी चार आकडे एका ओळीत लिहून काढा: कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), फॉस्फरस. जमल्यास मॅग्नेशियमही, विशेषतः ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल तर, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी ही औषधं मॅग्नेशियम लघवीवाटे घालवतात आणि त्याशिवाय डीचं चाक नीट फिरत नाही.

अल्ब्युमिन कशाला? रक्तातलं बरंचसं कॅल्शियम या प्रथिनाला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन घटलं की मोजलेलं कॅल्शियम खोटं कमी दिसतं. हिशेब सोपा आहे: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरलेल्याला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. रिपोर्टवर कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २.५ आहे समजा. फरक १.५, गुणिले ०.८ म्हणजे १.२. खरं कॅल्शियम निघालं ११.४. रिपोर्टमध्ये शेजारी बाण नाही, लाल अक्षर नाही, आणि तरी ते जास्त आहे, कारण साधारण हद्द ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मायलोमात अल्ब्युमिन बरेचदा उतरलेलंच असतं, म्हणून ही बेरीज मी दर रिपोर्टला करते. आकडा विचित्र वाटला तर आयोनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारता येतं. मायलोमाचं प्रथिन स्वतःच कधीकधी कॅल्शियमला धरून बसतं आणि हिशेब चुकवतं.

कॅल्शियम वर असेल तर डी आणि कॅल्शियम दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

लिम्फोमात आणखी एक खाच आहे. काही लिम्फोमांत आजाराशी निगडित पेशी त्या मॅक्रोफेजसारख्याच स्वतः कॅल्सिट्रिऑल बनवू लागतात, आणि त्यांना मूत्रपिंडासारखा लगाम नसतो. अशा पेशंटचा साठ्याच्या डीचा रिपोर्ट कमी दिसतो आणि कॅल्शियम मात्र चढलेलं असतं. कमतरता आहे म्हणून डी दिलं तर ते सरळ त्या बेलगाम कारखान्यात जातं. सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत, ग्रंथींत दाहाच्या गाठी करणारा आजार) किंवा क्षयातही हेच होऊ शकतं.

पायरी दुसरी: योग्य तपासणी, योग्य वेळी

तपासायचं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची तपासणी वेगळी. ती कामाच्या मालाची, तिच्यावरून साठा कळत नाही. वर सांगितलेल्या लिम्फोमाच्या शंकेसारख्या वेळीच ती लागते. नावं सारखी असल्याने फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण पडते, तेवढं बघा.

उपाशीपोटी जायची गरज नाही. भरताप असताना, संसर्ग जोरात असताना ही तपासणी टाळलेली बरी, कारण दाहात आकडा खोटा घसरतो. केस-नखांसाठी बायोटिनचे मोठे डोस घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा, काही यंत्रांत त्याने आकडा चुकतो.

आता एककं. काही रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्हींत अडीच पटीचा फरक. नॅनोग्रॅममधले २० म्हणजे नॅनोमोलमधले ५०. प्रयोगशाळा बदलली आणि आकडा २० वरून ५० झाला म्हणून आनंदणारे लोक मी पाहिलेत.

२० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ च्या खाली ठळक कमतरता, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. ३० च्या वर हवंच का, यावर नाही. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली ३० चा आग्रह धरला होता, २०२४ च्या मार्गदर्शनात तो सोडला. त्यामुळे २४ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. हाडांची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र काही डॉक्टर ३० च्या वर ठेवणं पसंत करतात.

पायरी तिसरी: पिशवी उलटी करा

हे घरच्या माणसानेच करायचं. सगळी औषधं, पावडरी, कॅप्सूल, थेंब एका टेबलावर. प्रत्येकात डी किती ते वहीत उतरवा. कुठे मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, कुठे युनिट. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, तेव्हा २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० युनिट. आठवड्याच्या डोसला ७ ने भागून रोजचा आकडा काढा आणि सगळं मिळवा. डॉक्टरांना ही एक बेरीज द्या. दहा मिनिटांचं बोलणं एका ओळीत होतं.

लहान मुलांच्या थेंबांत विशेष जपा. एका बाटलीत ४०० युनिट एका थेंबात असतात, दुसरीत पूर्ण मिलिलिटरमध्ये. ल्युकेमियाच्या मुलांना स्टेरॉइड दीर्घकाळ चालतात, हाडांची काळजी त्यांना लागतेच, पण डोस मुलाच्या वयाप्रमाणे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मोठ्यांच्या डोसचं अर्धं करून देऊ नये.

शार्क किंवा कॉड माशाच्या यकृताचं तेल टेबलावर निघालं तर वेगळं काढा. त्यात डीपेक्षा व्हिटॅमिन एची चिंता जास्त. एपीएल प्रकारच्या ल्युकेमियात दिलं जाणारं ट्रेटिनोइन हे एचंच भावंड, त्याच्या जोडीला वरून ए नको.

पायरी चौथी: डोस

निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. स्वतःहून घ्यायची वरची मर्यादा ४०००. खरी कमतरता असेल तर प्रौढांत पूर्वापार चालत आलेली पद्धत म्हणजे आठवड्याला ५०,००० युनिट, आठ आठवडे, नंतर रोज १५०० ते २००० वर टिकवणं. हे आकडे डॉक्टर काय बोलतायत ते कळावं म्हणून दिलेत. मूत्रपिंड अशक्त असेल, कॅल्शियम काठावर असेल, तर ते यातलं काहीच न करता वेगळं सांगतील.

डी३ हा प्रकार डी२ पेक्षा पातळी जास्त टिकवतो. पोटभर जेवणाबरोबर घ्या, थोडा स्निग्धांश असला की शोषण चांगलं होतं. वजन खूप जास्त असलेल्यांना डोस जास्त लागतो.

'वर्षातून एकदाच मोठं इंजेक्शन, कटकट नको' हा मोह होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वयस्क स्त्रियांना वर्षाला एकदम ५,००,००० युनिट दिले. पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. थोडं थोडं, नियमित, हेच बरं.

वेष्टनावर जाड पेनाने वार लिहा. आमच्याकडे आता डोसवर 'फक्त रविवार' असं लिहिलेलं असतं, आणि घेतला की दादा स्वतः कॅलेंडरवर फुली मारतो.

पायरी पाचवी: ऊन सगळ्यांना नाही

'सकाळी उन्हात बसवा त्यांना' हा सल्ला जो तो देतो. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) भडकू शकतो. व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर त्वचा भाजते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेट, डॉक्सिसायक्लिन यांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. सीएलएलमध्ये त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण मुळातच जास्त. यांच्यापैकी कुणीही डीसाठी ऊन खाऊ नये, गोळी सुरक्षित. आणि बंद खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हात डी बनत नाही, अतिनील-बी किरण काच अडवते.

पायरी सहावी: गोळ्यांच्या वेळा

डी एकटं असेल तर फारसं कुणाशी भांडत नाही. भांडतं ते त्याच्या जोडीचं कॅल्शियम. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग टाळायला लेव्होफ्लॉक्सासिन देतात. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम त्याला पोटातच धरून ठेवतात आणि अँटिबायोटिक रक्तात पोचतच नाही. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. सीएमएलसाठी (ल्युकेमियाचा एक प्रकार) डॅसाटिनिब चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेटसारख्या आम्लनाशकापासून तेही दोन तास लांब.

फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि क्षयाचं रिफाम्पिसिन ही औषधं डी लवकर संपवतात. थायाझाइड गटाची रक्तदाबाची गोळी कॅल्शियम वाढवते. डिजॉक्सिन घेणाऱ्याचं कॅल्शियम चढलं तर हृदयाची लय बिघडू शकते. मायलोमावरचं बोर्टेझोमिब चालू असताना मल्टिव्हिटॅमिनमधल्या व्हिटॅमिन सीबद्दल विचारून घ्या, प्रयोगशाळेत ते त्याचा परिणाम कमी करताना दिसलंय.

हाडांच्या इंजेक्शनआधी

मायलोमात झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. दोन्ही हाडांतून बाहेर पडणाऱ्या कॅल्शियमला कुलूप लावतात. डीची कमतरता तशीच ठेवून इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकतं. म्हणजे ज्या पेशंटला निदानाच्या वेळी 'कॅल्शियम-डी बंद' सांगितलं होतं, त्यालाच दोन महिन्यांनी ते पुन्हा सुरू करावं लागतं. यात विसंगती नाही. झोलेड्रॉनिक ॲसिडच्या माहितीपत्रकात मायलोमाच्या पेशंटसाठी रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी सांगितलेलंच आहे. फक्त सुरू केव्हा करायचं ते विचारून घ्या. जुनी पट्टी शिल्लक आहे म्हणून आपणहून सुरू करू नका.

इंजेक्शननंतरच्या दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या, पायात गोळे आले तर कळवा. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत डेनोसुमॅबने हे जास्त तीव्र होतं. आणि पहिल्या इंजेक्शनआधी दंतवैद्याकडे जाऊन या. नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

पुन्हा कधी तपासायचं, आणि कशावर लक्ष ठेवायचं

साठ्याच्या डीचं अर्धं आयुष्य दोन ते तीन आठवडे. त्यामुळे डोस बदलल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा डी तपासणं म्हणजे पैसे वाया. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मात्र नेहमीच्या रक्ततपासणीबरोबर येतच असतं, ते दर वेळी वहीत उतरवा.

कॅल्शियम चढल्याची लक्षणं फसवी असतात. सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, गळाठा, बोलण्यात गोंधळ. केमोवर असलेल्या माणसाला यातलं काही ना काही असतंच. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतं, मॉर्फिनने होतं, थॅलिडोमाइडने होतं, स्टेरॉइडने साखर वाढून तहान लागते. मी एक खूण ठरवून घेतलीय: तहान आणि बद्धकोष्ठ एकत्र आले, किंवा दादा एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला लागला, की डी-कॅल्शियम त्या दिवशी थांबवायचं आणि त्याच दिवशी कॅल्शियम तपासायचं. आतापर्यंत दोनदा केलं, दोन्ही वेळा कारण दुसरंच निघालं. डॉक्टर एकदाही रागावले नाहीत.

आणि ताप. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियस दिसलं की दवाखान्याला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तेव्हा डीची पातळी किती होती, इम्युनिटीची कॅप्सूल घेतली होती का, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते ताप किती, कधीपासून, आणि शेवटची केमो कोणत्या तारखेला. ते तीन आकडे आमच्या वहीच्या पहिल्या पानावर असतात, डीचा तक्ता त्याच्या मागे.